रात्री राजा, सकाळी गवताची गाडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या सदरात एका सद्गृहस्थांनी जपानी ॲनिमेवर, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिकांवर, आगपाखड केली होती. 'कोड गियास' या मालिकेचा नायक बापाला संपवतो, स्वतः सम्राट होतो, जगाला छळतो, आणि आमची पोरं त्याच्यासाठी डोळे पुसतात, हे कसले संस्कार, असा त्यांचा सवाल. पत्रावरून दिसतं की गृहस्थांनी शेवटचा एकच भाग बघितला. जत्रेतल्या रात्रभराच्या नाटकाला पहाटे चारला येऊन बसायचं, राक्षसाचा वध तेवढा बघायचा आणि दशावतारी फार मारामारी करतात म्हणायचं, त्यातला हा प्रकार.

मी बावीस वर्षं दशावतारात, म्हणजे आमच्या कोकणातल्या पौराणिक नाटकांत, पायपेटी (पायाने भाता मारायची हार्मोनियम) वाजवली. गुडघ्यांनी भाता मारायचं नाकारलं तेव्हा सोडली. गेल्या आषाढात नाटक कंपन्या घरी बसलेल्या, बाहेर पाऊस मी म्हणतोय, आणि कुडाळला कॉलेजात शिकणारी नात सुट्टीला आलेली. तिने लॅपटॉपवर ही मालिका लावली. पंचवीस आणि पंचवीस, पन्नास भाग. खालची इंग्रजी अक्षरं ती मला मालवणीत सांगायची. जपानी राजपुत्र मालवणी बोलताना मी ऐकलाय, आणि खोटं कशाला सांगू, त्याला ती भाषा शोभते.

गोष्ट थोडक्यात. ब्रिटानिया नावाच्या साम्राज्याने जपान जिंकून त्याचं नावसुद्धा पुसलंय, 'एरिया ११' केलंय. तिथे टाकून दिलेला राजपुत्र लेलूश. आईचा खून झालेला, धाकटी बहीण ननाली आंधळी आणि चाकाच्या खुर्चीत. सी-टू नावाची एक न मरणारी बाई त्याला शक्ती देते: डोळ्यांत डोळे घालून एका माणसाला एकदाच हुकूम सोडायचा, तो मोडता येत नाही. मग तो काळा मुखवटा घालून 'झीरो' होतो आणि बापाच्या राज्यावर उठतो. शेवटी स्वतःच सम्राट बनून जगाचा सगळा द्वेष अंगावर ओढून घेतो आणि भर मिरवणुकीत झीरोच्या हातून मरतो. मुखवट्याआड त्या वेळी असतो सुझाकू, त्याचा जुना मित्र आणि वैरी. दोघांनी ते आधीच ठरवलेलं असतं.

यात मला नवल वाटलं नाही. आमच्यातही संध्याकाळी मालक आख्यान सांगतो, कोण कुणाला मारणार ते ठरतं, पुढचे संवाद ज्याचे त्याने. आणि मुकुट कुणा एकाचा नसतो. राजपार्टी, म्हणजे राजाचं काम करणारा, तापाने पडला तर दुसरा घालतो, बाकड्यावर बसतो, तोच राजा. झीरोचा मुखवटा सुझाकूच्या डोक्यावर गेला तेव्हा मी नातीला म्हटलं, हा आता जन्मभर उतरायचा नाही. मेला त्याची सुटका, उरला त्याला शिक्षा.

आता वादाचा भाग. शेवटी सी-टू गवताच्या गाडीत उताणी पडलेली आहे. आभाळाकडे बघत ती म्हणते की ही शक्ती माणसाला एकटं पाडते असं मी म्हटलं होतं, ते तितकंसं खरं नव्हतं, होय ना लेलूश? गाडीवानाची टोपी खाली ओढलेली. तोंड दिसत नाही. झालं, मालिका संपली. २००८ साली संपली, तरी भांडण चालूच आहे.

"आजोबा, तो गाडीवान म्हणजे तोच," नात म्हणाली. तिच्याकडे पुरावे होते. बापाने नाहीसं होता होता लेलूशचा गळा धरला होता, तेव्हा बापाकडचं अमरत्व त्याच्याकडे आलं. मरताना ननालीने हात धरताच तिला सगळं दिसलं, ते त्यामुळेच. मी म्हटलं, अमरत्व आलं की हुकमाची शक्ती जाते ना? मग सम्राट झाल्यावर याने इतक्यांना हुकूम कसे सोडले? ती म्हणे, अमरत्व मेल्यावर जागं होतं. वकिली कॉलेजात घालायला हवी होती.

२०१९च्या चित्रपटात तो जिवंत दाखवलाय, हेही तिने तोंडावर मारलं. पण तो चित्रपट मालिका नव्याने कापून केलेल्या तीन चित्रपटांच्या पुढचा. त्यात लेलूशची मैत्रीण शर्ली मरतच नाही, मालिकेत मरते. वेगळं आख्यान ते.

माझं मत, तो मेला. पहिल्याच भागात त्याने सांगितलंय की दुसऱ्यावर गोळी झाडायची तर आपण खायची तयारी हवी. आणि युफेमियाचं काय? चांगल्या मनाची सावत्र बहीण, जपान्यांना हक्क द्यायला निघालेली. हा तिच्याशी बोलता बोलता थट्टेत म्हणतो की मी तुला जपान्यांना मार म्हटलं तरी तू मारशील, आणि त्याच क्षणी शक्ती त्याच्या ताब्यातून सुटते. ती खरंच कत्तल करते. तिला गोळी यालाच घालावी लागते, आणि जगात तिचं नाव कत्तल करणारी म्हणून राहतं. जगासाठी मेला, असं सगळे म्हणतात. मला वाटतं, तिच्या नावावरचा डाग झाकला जाईल एवढा मोठा काळा डाग त्याला स्वतःच्या नावावर हवा होता. हे तो कुठेच बोलत नाही. पण माणूस जे बोलत नाही त्याचंच सोंग मोठं असतं.

आणि ननाली. जिच्यासाठी सगळा खटाटोप, तिचे डोळे उघडतात तेव्हा भाऊ समोर दैत्य होऊन उभा. तो तिलाही खरं सांगत नाही, उलट तिच्यावरच हुकूम सोडून तिच्या हातातली महाअस्त्राची किल्ली घेतो. तिथे मी नातीला लॅपटॉप थांबवायला सांगून चहा टाकायला उठलो. चहा हे निमित्त.

आमच्या कंपनीत राक्षस करणारा एक होता. दिवसा एसटी स्टँडवर ओझी उचलायचा. रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा, ही म्हण आमच्याच लोकांवरची. एका जत्रेत त्याने द्रौपदीच्या केसांना हात घातला तर पुढच्या रांगेतली म्हातारी उठून उभी राहिली, "तुझा वाटोळा होतला मेल्या!" तो खूश. पहाटे दहीकाला होऊन खेळ संपला, तोंडाचा रंग, मुर्दाडशिंग, पुसून तो बाहेर आला, तर तीच म्हातारी गरम पेजेचा वाडगा घेऊन उभी. "खा रे झिला, रातभर ओरडलंस."

लेलूशला ती पेज मिळाली नाही. रंग पुसायला तो परत आलाच नाही. लोकांना गाडीवान जिवंत हवा असतो तो यासाठी, असं मला वाटतं. कर्त्यांनाही ते ठाऊक असणार. दिग्दर्शक गोरो तानिगुची आणि लेखक इचिरो ओकोउची यांना टोपी वर करायला कितीसा वेळ लागला असता? रात्रीचा राजा सकाळी गवताची गाडी हाकतोय, एवढं दाखवून त्यांनी पडदा टाकला.

नातीला हे पटलेलं नाही. तिचं म्हणणं, "आजोबा, तुमी हट्टी असात." कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की तिला रात्रभर बसवणार आहे, सद्गृहस्थांनीही यावं. पेजेची व्यवस्था माझ्याकडे.

नाव छापू नये ही विनंती. वाडीतली पोरं मला आताच सम्राट म्हणून हाक मारतात.

आपला,
एक निवृत्त पायपेटीवाला
वेंगुर्ले तालुका, जि. सिंधुदुर्ग