‘रायट अ‍ॅक्ट’ खरोखरच वाचला जाई

महोदय,

‘रीड द रायट अ‍ॅक्ट’ (शब्दशः, दंगलविरोधी कायदा वाचून दाखवणे) हा इंग्रजी वाक्प्रचार; म्हणजे खडसावून ताकीद देणे, एवढाच अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो. पण हे वाचन एके काळी प्रत्यक्षात होत असे. ब्रिटनमध्ये ऑगस्ट १७१५ पासून लागू झालेल्या या कायद्यानुसार, बारा किंवा अधिक माणसांचा दंगलखोर जमाव जमला की दंडाधिकाऱ्याने राजाच्या नावाने ठरलेला मजकूर मोठ्याने वाचायचा. त्यानंतर तासाभरात जमाव पांगला नाही, तर मूळ कायद्यात शिक्षा थेट मृत्युदंडाची! मजकूर मात्र पूर्ण वाचायला हवा. शेवटचे ‘गॉड सेव्ह द किंग’ राहून गेले म्हणून १८३० च्या एका खटल्यात ते वाचन अपुरे ठरले. (गोंगाटात ते ऐकू कोणाला येत असेल, कोण जाणे!) कायदा १९७३ मध्ये रद्द झाला, वाक्प्रचार तेवढा उरला.

– एक वाचक