वाऱ्याची दिशा पाहून किनारा वाटून द्या : गोव्याच्या पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
गोवा राज्य, पणजी.

विषय : मोरजी ते हरमल या किनाऱ्यावरील काइटबोर्डिंगसाठी जागा, नियम आणि देखरेख ठरवण्याबाबत.

महोदय,

पावसाळा सरला की पेडणे तालुक्यातल्या मोरजी, आश्वे, मांद्रे आणि हरमलच्या किनाऱ्यांवर दुपारच्या वेळी मोठाले रंगीत पतंग दिसू लागतात आणि ते थेट एप्रिलपर्यंत दिसत राहतात. कमरेला पट्टा बांधून, पायाखाली फळी घेऊन, पतंगाच्या ओढीने पाण्यावरून धावण्याचा हा खेळ काइटबोर्डिंग या नावाने आता आपल्याकडे परिचित झाला आहे. तो बंद करावा, अशी मागणी करण्यासाठी हे पत्र नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून आमच्या तालुक्यात येणाऱ्या पर्यटकांची वर्दळ वाढली. मात्र वाळूची पट्टी होती तेवढीच राहिली. त्या पट्टीवर आंघोळ करणारे, शॅकच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या उपाहारगृहांच्या, खुर्च्यांवर पहुडलेले, होड्या ओढणारे आणि पतंग उडवणारे असे सारे एकाच वेळी एकाच जागी वावरतात, आणि कोणी कोठे असावे हे सांगणारा फलकही तेथे नाही, माणूसही नाही. एखादा जीव जाण्यापूर्वी ही व्यवस्था आपल्या खात्याने लावावी, एवढीच विनंती आहे.

या खेळातला धोका किनाऱ्यावरच्या माणसाला दिसत नाही, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो. मध्यम वजनाच्या माणसाला १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर वाऱ्यात साधारण १२ चौरस मीटरचा पतंग लागतो. तो २० ते २४ मीटर लांबीच्या, बहुधा चार दोऱ्यांवर उडतो. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे वारा १२ नॉटवरून १८ नॉटवर गेला, तर वेग दीडपट झालेला असतो. ओढ मात्र सव्वादोनपट होते. झोत अचानक आला आणि पतंग नेमका डोक्यावर असला, तर माणूस वाळूवरून उचलला जाऊन दूर फेकला जाऊ शकतो. पतंग डोक्यावर स्थिर धरून गर्दीतून चालत जाणे नवख्याला सुरक्षित वाटते, प्रत्यक्षात जमिनीवर तीच सर्वांत घातक स्थिती असते. ताणलेल्या दोऱ्या काही हातांवरूनही नजरेला पडत नाहीत, आणि त्यांत एखाद्या मुलाचा हात किंवा गळा अडकला तर काय होईल हे संक्रांतीच्या दिवसांत मांज्याने होणाऱ्या जखमा पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. शिवाय येथे दोरीच्या टोकाला अख्ख्या माणसाचे वजन आणि वेग असतो.

आता आमच्या किनाऱ्याचा प्रश्न. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या आरंभी येथे सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो हलका असतो. दुपारी वायव्येकडून समुद्री वारा सुटतो आणि साधारण दोन ते पाचच्या दरम्यान त्याचा भर असतो. आमचा किनारा ढोबळमानाने उत्तर-दक्षिण पसरलेला आहे. त्यामुळे ज्याचा पतंगावरचा ताबा सुटला, तो माणूस किंवा नुसता सुटलेला पतंग आग्नेयेकडे, म्हणजे किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे आणि थोडा वाळूच्या आतल्या अंगाला ओढला जातो. यावरून सारी व्यवस्था ठरते. गर्दीच्या उत्तरेला पतंग उडवला तर सगळी गर्दी त्याच्या वाऱ्याखाली, म्हणजे वारा ज्या बाजूला वाहत जातो त्या बाजूला, येते, आणि गर्दीच्या दक्षिणेला उडवला तर चूक करणाऱ्याच्या वाटेत कोणी नसते. हे अंतरही मोजता येते : दोऱ्यांच्या लांबीच्या किमान दुप्पट, म्हणजे सुमारे ५० मीटर जागा वाऱ्याखाली मोकळी हवी आणि शिकाऊ माणूस असेल तर त्याहून बरीच अधिक. आज पतंग कोठून उडवायचा हे ज्या शॅकसमोर सामान ठेवायला जागा मिळाली त्यावरून ठरते. वाऱ्याला त्यात कोणी विचारत नाही.

त्यात भरतीची भर पडते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हा कोकणपट्टीतला जुना हिशेब आपणांस ठाऊक असेलच. त्या हिशेबाने पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारच्या आधी येऊन जाते आणि वाऱ्याच्या वेळी वाळू उघडी पडत असते. अष्टमीच्या सुमारास मात्र भरती संध्याकाळी सहाच्या आसपास येते, म्हणजे वारा आणि पर्यटक दोन्ही भरात असताना पाणी चढत जाते आणि वाळूची पट्टी अरुंद होत जाते. जी जागा पौर्णिमेला पुरेशी असते ती अष्टमीला अपुरी ठरते. म्हणून बाराही महिने एकाच ठिकाणी उभा असलेला सिमेंटचा फलक या कामाला उपयोगी नाही. रोज दुपारी वारा आणि पाणी पाहून हलवता येतील असे झेंडे लागतील.

येथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. वर सांगितलेल्या न्यायाने मोरजीला पतंगासाठी योग्य जागा किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, शापोरा नदीच्या मुखाकडे निघते. परंतु तेंब नावाचा तोच भाग ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा आहे. ही कासवे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली आहेत आणि त्यांचा विणीचा हंगाम व पतंगांचा हंगाम जवळपास एकच पडतो. अंडी फुटायला दीड महिन्याहून अधिक काळ लागत असल्यामुळे वन खात्याची कुंपणे उन्हाळ्यापर्यंत तेथे असतात. शिवाय नदीच्या मुखाशी ओहोटीचा ओढा जोराचा असतो. वारा पडल्यावर पाण्यात बसलेल्या खेळाडूला तो बाहेर नेऊ शकतो. माझ्या मते या टोकाला परवानगी देऊ नये आणि मोरजीऐवजी आश्वे-मांद्रे व हरमल येथे जिथे गर्दीच्या दक्षिणेला मोकळी वाळू उरते अशा जागा शोधाव्यात. अर्थात हा निर्णय पर्यटन खात्याने एकट्याने घ्यायचा नाही. वन खात्याला आणि त्या-त्या ग्रामपंचायतीला सोबत घेऊनच तो झाला पाहिजे.

दुसरा पक्ष रापणकारांचा. किनाऱ्यावरून जाळे ओढण्याची ही रीत शॅकपेक्षा, हॉटेलांपेक्षा आणि अर्थातच पतंगांपेक्षा जुनी आहे. रापण लागलेली असताना तिचे दोर पाण्यापासून वाळूपर्यंत ताणलेले असतात, आणि त्या दोरांत फळीसकट शिरलेला खेळाडू स्वतःलाही गोत्यात आणतो आणि जाळ्याचेही नुकसान करतो. रापण दिसली की त्या पट्ट्यात पतंग उतरवायचा, हा नियम बिनशर्त असावा. यावर चर्चेला जागा आहे, असे मला वाटत नाही.

खेळाडूंचे आपसांतले काही संकेत जगभर पाळले जातात आणि ते शिकायला अवघड नाहीत. दोघे समोरासमोर आले तर ज्याचा उजवा हात प्रवासाच्या दिशेला पुढे आहे त्याला वाट द्यायची. एकमेकांना ओलांडताना वाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्याने आपला पतंग उंच धरायचा आणि वाऱ्याखालच्याने खाली. किनाऱ्यावरून पाण्यात निघालेल्याला परत येणाऱ्याने जागा द्यायची. उडी मारण्यापूर्वी खाली आणि वाऱ्याखाली कोणी नाही हे पाहायचे. पतंग जमिनीवर ठेवला तर हवा भरलेली कड खाली करून त्यावर वाळू टाकायची आणि दोऱ्या गुंडाळून ठेवायच्या. अनुभवी मंडळी हे पाळतात. अडचण होते ती चार दिवसांत शिकून पाचव्या दिवशी स्वतःच सामान भाड्याने घेणाऱ्यांची, आणि त्यांना ते देणाऱ्यांची. गर्दीला दाखवण्यासाठी आंघोळ करणाऱ्यांच्या अगदी जवळून वळण घेणारे काही निष्णातही आहेत. त्यांच्याबद्दल मला नवख्यांपेक्षा कमी सहानुभूती आहे.

पर्यटकांचीही चूक असते, पण ती अजाणता घडते. वाळूवर पसरलेल्या दोऱ्या ओलांडून जाणे, उडण्याच्या बेतात असलेल्या पतंगाजवळ उभे राहून छायाचित्र काढणे, मुलांना त्याच्या मागे धावू देणे हे रोज चालते. मोरजीच्या वाळूवर गाई बसलेल्या असतात आणि कुत्री मोकळी फिरतात, त्यांना तर फलक वाचायला लावता येत नाही. म्हणूनच पतंग उडवण्या-उतरवण्याची पट्टी दोरी व झेंडे लावून वेगळी करणे आवश्यक आहे. तिच्या तोंडाशी मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी आणि रशियन भाषांत चार ओळींची सूचना असावी, चाळीस ओळींची नव्हे.

महोदय, आपल्याकडे जलक्रीडांचे नियमन मुख्यतः इंजिनाच्या बोटींभोवती उभे राहिले. बोटीची नोंदणी होते, जीवरक्षक जॅकेट मोजता येतात, किती माणसे बसवायची हे ठरवता येते. पतंगाला इंजिन नाही, आसन नाही, आणि तो पाठीवरच्या पिशवीत मावतो. त्यामुळे वाळूवर ग्रामपंचायत व पर्यटन खाते, पाण्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स हे बंदर खाते, कासवांपाशी वन खाते आणि भांडण झाले तर पोलीस अशा पाच कचेऱ्यांच्या मधल्या फटीत हा खेळ राहून गेला आहे. या फटीतून काय होऊ शकते हे आमच्याच तालुक्याने पाहिले आहे. १८ जानेवारी २०२५ रोजी केरीच्या पठारावरून झालेल्या पॅराग्लायडिंगच्या उड्डाणात पुण्याची एक तरुण पर्यटक आणि तिचा प्रशिक्षक असे दोघे मृत्युमुखी पडले. त्याआधी महिनाभराच्या आत, नाताळच्या दिवशी, कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून एकाचा जीव गेला होता. परवाने, तपासणी, जबाबदारी या गोष्टींची चर्चा दोन्ही वेळा नंतर झाली.

सरसकट बंदी हा सोपा मार्ग आहे आणि तो चुकीचा ठरेल. या खेळात इंधन जळत नाही, आवाज होत नाही, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, मार्सेच्या समुद्रात, त्याच्या शर्यतींना पहिल्यांदाच ऑलिंपिकचे स्थान मिळाले. आमच्या किनाऱ्यावरची जी मुले आज सामान उचलण्याचे आणि पतंग धरून देण्याचे काम करतात, त्यांच्यातून उद्या प्रशिक्षक आणि खेळाडू घडू शकतात. त्यासाठी राष्ट्रीय जलक्रीडा संस्था गोव्यातच आहे, तिला अभ्यासक्रम आखायला सांगता येईल. आणि बंदी घातली तर पतंग काही नाहीसे होणार नाहीत. ते जीवरक्षक नसलेल्या जागी जातील.

इतर देशांनी हा प्रश्न जागा वाटून सोडवला आहे. फ्रान्समध्ये किनाऱ्यापासून ३०० मीटरच्या पट्ट्यात वेगाला ५ नॉटची मर्यादा असते आणि वेगवान साधनांना बाहेर जाण्यासाठी पाण्यात तरंगत्या खुणांनी आखलेली वाट ठेवतात. स्पेनमध्ये खुणा नसलेल्या पुळणीवर किनाऱ्यापासून २०० मीटरचा पट्टा आंघोळ करणाऱ्यांचा मानला जातो. आपल्याकडे जीवरक्षकांचे लाल-पिवळे झेंडे आंघोळीची जागा आधीच दाखवतात. त्याच्या दक्षिणेला, पुरेसे अंतर सोडून, काइटची वाट आखणे हे त्याच व्यवस्थेचे पुढचे पाऊल होईल. त्या वाटेने सरळ बाहेर जायचे, सरळ आत यायचे, आणि आंघोळीच्या पट्ट्यात किनाऱ्याला समांतर धावायचे नाही.

याशिवाय खात्याने काइट शाळांची आणि भाड्याने सामान देणाऱ्यांची नोंदणी सक्तीची करावी. धडा देणाऱ्या प्रत्येक शाळेकडे शिकाऊ माणसासाठी हेल्मेट व तरंगते जॅकेट, पाण्यात बचावासाठी बोट आणि तिसऱ्या व्यक्तीला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा असावा. संकटात पतंगाची ओढ एका झटक्यात सोडणाऱ्या कळीसाठी २०२० पासून आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय मानक अस्तित्वात आहे. भाड्याच्या सामानात त्या मानकाची कळ असलीच पाहिजे. वारा जमिनीकडून वाहत असताना आणि मे महिन्यातल्या वळवाचे ढग दिसू लागल्यावर कोणीही पतंग उडवू नये. जीवरक्षकांना पतंग उतरवायला सांगण्याचा स्पष्ट अधिकार द्यावा, पण त्याआधी त्यांना तो कसा धरायचा हे शिकवावे, कारण सुटलेल्या पतंगाची दोरी हाताने पकडायला गेलेला जीवरक्षक स्वतःच जखमी होईल. आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांचीही नोंदवही जीवरक्षकांच्या मनोऱ्यावर ठेवावी. कोणती जागा आणि कोणती वेळ वाईट आहे हे तिच्यातूनच कळेल.

या हंगामापूर्वी पर्यटन खाते, कॅप्टन ऑफ पोर्ट्स, वन खाते, जीवरक्षक सेवा, ग्रामपंचायती, रापणकार आणि काइट शाळा यांची संयुक्त पाहणी आपण लावावी, अशी माझी विनंती आहे. ती सकाळी दहाला ठेवू नये. त्या वेळी वारा जमिनीकडचा असतो, किनारा निवांत असतो, आणि अधिकाऱ्यांना तेथे काहीच अडचण नसल्याचे आढळून येईल. वारा सुटल्यावर, दुपारी तीनच्या पुढे, शक्य तर अष्टमीच्या आसपासच्या रविवारी यावे.

कळावे,

आपला विश्वासू,
मांद्रे, पेडणे तालुका येथील एक रहिवासी