तक्रार : 'प्लग अँड प्ले' म्हणून विकलेली ३६ एमएम थ्रॉटल बॉडी

नमस्कार,

माझ्या २०० सीसी गाडीसाठी तुमच्या साइटवरून ३६ एमएमची थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा पार्ट) घेतली, गाडीची मूळची ३२ ची आहे. जाहिरातीत ठळक लिहिलंय, प्लग अँड प्ले, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ट्यूनिंगची गरज नाही. बसवल्यापासून गाडीची रेस खालीच येत नाही. सिग्नलला न्यूट्रलमध्ये आरपीएम २५०० वर, मधेच वरखाली होतंय, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके आणि चेक इंजिनचा दिवा पेटला तो पेटलाच. लोकांना वाटतं मी मुद्दाम रेस करतोय.

कस्टमर केअरने काय सांगावं, तर कार्बन जमला असेल, क्लीनर मारून घ्या. अहो नवी कोरी बॉडी बॉक्समधून काढून बसवलीय, कार्बन जमेल कुठून? मग म्हणे बॅटरी काढून ठेवा, ईसीयू रीसेट होईल. तेही केलं, थोडं चालवलं की परत चेक इंजिनचा तोच पी०१२१ कोड (थ्रॉटल पोझिशन सेन्सरच्या सिग्नलमध्ये गडबड).

शेवटी आमच्या मिस्त्रीनेच शोधून काढलं. इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्डच्या (हवा इंजिनात नेणाऱ्या नळीच्या) जॉइंटवर क्लीनरचा फवारा मारला तर लगेच आरपीएम बदलला, म्हणजे तिथून हवा ओढतेय. खोलून फ्लँजवर (जोडाच्या सपाट कडेवर) स्टीलची पट्टी आडवी धरली तर मधोमध आरपार उजेड दिसतो (फोटो जोडलाय). नुसतं गॅस्केट बदलून काय होणार, फ्लँजच वाकडी आहे. वर मल्टीमीटरने पोझिशन सेन्सरचा (थ्रॉटल किती उघडलाय ते ईसीयूला सांगणारा) व्होल्टेज बघितला, बटरफ्लाय (आतली हवेची झडप) बंद असताना जुन्या बॉडीवर ०.५ येतो आणि तुमच्यावर ०.९, म्हणजे थ्रॉटल बंद झालाय हेच ईसीयूला कळत नाही. सेन्सर फिरवून सेट करावा तर तो रिव्हेट मारून पक्का केलेला. जुनी बॉडी परत चढवली, बाकी कशाला हात लावला नाही, गाडी एकदम शांत.

आणि ट्यूनिंग लागत नाही हे कशाच्या जोरावर लिहिता? ३२ वरून ३६ म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ जवळपास २७ टक्के वाढलं. थ्रॉटल किती उघडलाय आणि आरपीएम किती यावर ही गाडी पेट्रोल ठरवते, तेवढ्याच उघडण्यात हवा जास्त गेली तर मिक्स्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होणारच. ऑक्सिजन सेन्सर थोडंफार सांभाळून घेतो, पण फुल थ्रॉटलला नाही. एखाद्या पोराने तुमच्या भरवशावर हायवेला ताणली तर इंजिन तापून पिस्टन जाईल त्याचा.

आता म्हणता बसवलेला पार्ट परत घेत नाही. न बसवता कळणार कसं ओ? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, आणि साइटने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची, निपटारा महिन्याच्या आत करायचा.

मला पूर्ण पैसे परत हवेत, गॅरेजच्या मजुरीसकट (बिल जोडलंय), कुरियरचा खर्च तुमचा. पैशांऐवजी देऊ केलेलं ते डिस्काउंट कूपन तुमच्याकडेच ठेवा. जाहिरातीतली ट्यूनिंगची ओळही काढा. टोलवाटोलवी चालूच राहिली तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकतोय. पार्ट बॉक्समध्ये भरून ठेवलाय, पिकअप कधी पाठवताय ते कळवा, फोनवर नको, मेलवर लेखी.