वाड्यातला मालगुजार ओरडत नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे एक लेख आला होता की गोष्ट सांगत खेळायच्या त्या फॅन्टसी खेळांमध्ये व्हॅम्पायरसारखे खलनायक असतात, ते "जगात कशालाच अर्थ नाही" असं बोलत राहतात आन त्याच्यानं पोरांच्या डोक्यात निराशा भरते. लेखकाची काळजी खोटी नाही. आमच्या विदर्भात तर अजिबातच खोटी नाही. पण मी ३ वर्षांपासून ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या गावात हाच खेळ चालवून राहिलो आन हाच खलनायक करून राहिलो, म्हणून लिहावंसं वाटलं.

आधी खेळ सांगतो. १९७४ मध्ये अमेरिकेत डंजन्स अँड ड्रॅगन्स निघाला, तिथून हा प्रकार सुरू झाला. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, अडलं तिथं २० बाजूंचा फासा टाकायचा. आम्ही पाच जण, मोबाईल रिपेरिंगच्या दुकानामागच्या खोलीत, रविवारी. धानाची रोवणी आन कापणी सोडून बाकी वर्षभर.

आमचा व्हॅम्पायर युरोपातल्या किल्ल्यातला नाही, तो मालगुजार आहे, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा जुना मालक. ३०० वर्षांपूर्वी त्यानं गावासाठी तलाव खोदला, पाळ बांधली, तुडुम म्हणजे पाणी सोडायचं दार बसवलं, आन मग मेला नाही. तलाव डोळ्यांदेखत गाळानं भरत गेला, ज्यांच्यासाठी खोदला ते लोक गेले, त्यांची पोरं गेली, नातवंडं गेली. आता तो म्हणतो सगळं शेवटी गाळातच जाते. खेळाच्या नियमात व्हॅम्पायरला वाहतं पाणी जाळते, म्हणजे ज्यानं तुडुम बसवलं त्यालाच तुडुमातून निघालेल्या पाण्यात पाय टाकता येत नाही. बोलावल्याशिवाय कोणाच्या घरात पाऊल टाकता येत नाही हाही नियमच आहे. पण आमच्या गोष्टीत तो कधी कोणाला बोलवा म्हणत नाही, नुसता ओसरीबाहेर उभा राहतो, आन पिढ्यानपिढ्याच्या सवयीनं घरातली माणसंच "या मालक" म्हणतात. पहिल्यांदा हे झालं तेव्हा खोलीत सगळे गप्प झाले होते.

मी गावच्या मंडळाच्या नाटकात दोन वर्षं खलनायक केला आहे. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या रातभर चालणाऱ्या नाटकांच्या, स्टेजवर रात्री तीन वाजता शेवटच्या रांगेतल्या माणसाला जागं ठेवायचं असते, तिथं गडगडाटी हसणं पाहिजेच आन मला ते मनापासून आवडते. पण तीन फुटांवर चार जण बसले असताना तसं हसलं की भीती जागेवर संपते. सुरुवातीला मी तेच केलं, लांब लांब डायलॉग लिहून आणले, जग कसं पोकळ आहे वगैरे, आन पोट्टे मोबाईल पाहत बसले. मग एका रविवारी बोलणं बंद केलं. मालगुजार पाहुण्यांसाठी दिवा लावतो एवढंच सांगितलं आन खरोखरची काडी पेटवली. ती जळत जळत बोटापर्यंत आली तरी टाकली नाही, चटका बसला तरी चेहरा तसाच ठेवला, दिवा काही लावला नाही. मग हळूच म्हटलं, "तुमची नावं सांगू नका. लक्षात ठेवणं मी सोडलं आहे." त्या दिवशी कोणी मोबाईल पाहिला नाही.

ज्याला कशातच अर्थ दिसत नाही तो दुसऱ्याला पटवायला घसा कशाला फोडेल? तो थकलेला असतो, अदबीनं बोलतो आन त्याचं अर्धं बोलणं खरं असते, म्हणूनच त्याची भीती वाटते. गाळ खरंच साचते. माणसं खरंच जातात.

लेखकानं ह्या विचाराला शून्यवाद म्हटलं आहे, ते मात्र मला पटलं नाही. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनांची शून्यता म्हणजे "काहीच नाही, काहीच कामाचं नाही" असं नव्हे. चुकीची समजून घेतलेली शून्यता म्हणजे चुकीचा पकडलेला साप, ती माणसाचा नाश करते असं त्यांनीच आपल्या मूलमध्यमककारिका ह्या ग्रंथात सांगून ठेवलं आहे. मालगुजाराचा विचार फार तर उच्छेदवादाच्या, म्हणजे मेल्यावर सगळं संपते, मागं काही उरत नाही असं मानण्याच्या, जवळ जातो. दीक्षाभूमी ज्या विदर्भात आहे तिथल्या पेपरात तरी हा फरक पाळावा अशी विनंती.

आता काळजीचं. आमच्यातल्या एका पोट्ट्याच्या घरी नापिकी आन कर्जापायी जे झालं ते मी इथं लिहीत नाही, समजून घ्या. मालगुजार आणायच्या आधी मी त्याच्यासोबत धुऱ्यावर बसून एकट्यानं विचारलं, हे पात्र आणू का नको. तो म्हणाला आना जी, पण मधात थांबवता आलं पाहिजे. म्हणून चटईच्या मधात एक कोरा कागद असते, कोणीही त्याला हात लावला की प्रसंग तिथंच बंद, कारण विचारायचं नाही. आन दुसरी गोष्ट मी स्वतःशीच ठरवली आहे, मालगुजार फक्त आपल्या वाड्याबद्दल, आपल्या तलावाबद्दल बोलते. "तू कशाला जगतो" हे तो समोरच्याला कधीच विचारत नाही, कितीही दुष्ट दाखवायचा असला तरी नाही. दोन वेळा कागदाला हात लागला, दोन्ही वेळा आम्ही चहा प्यायला गेलो.

मागच्या महिन्यात लढाई झाली, तलावाच्या पाळीवर. नियमाच्या २०१४ च्या पुस्तकात व्हॅम्पायरला १४४ हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायचे गुण, असतात, ते संपले तरी तो मरत नाही, धुकं होते आन दोन तासांच्या आत त्याला आपल्या झोपायच्या शवपेटीत पोचावं लागते, नाही पोचला तर संपला. मी सांगितलं, मालगुजार धुकं होऊन वाड्याकडे निघाला. आमच्यात पोलीस भरतीची तयारी करणारी एक पोरगी आहे, ती म्हणाली, "थांबा दादा. ह्याले तर कशातच अर्थ दिसत नाही ना? मग पेटीकडे काऊन पळून रायला?"

माझ्याकडे तीन आठवड्यांचे डायलॉग होते, एकही कामाला आला नाही. मी खरंच गप्प बसलो, आन मालगुजारही गप्पच राहिला असता असं मला वाटते.

तेवढ्यात तो पोट्टा, ज्याच्याबद्दल वर लिहिलं तो, आपल्या पात्राच्या तोंडून धुक्याला म्हणाला, "मालक, तलावातला गाळ काढाले लोकं बोलवू का?"

मी धुकं पाळीवरच थांबवलं आन पुढच्या रविवारी पाहू म्हटलं. पण कोणी उठलं नाही. गाळाच्या किती गाड्या निघतील, किती बैलजोड्या लागतील, तो कोणाच्या बांधीत टाकायचा ह्याचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर सुरू झाला होता. आन गोष्टीतल्या दोन तासांपैकी चाळीस मिनिटं तोवर गेली होती.

आपला नियमित वाचक,
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर