चार इंच खाली

मुंबई,
रविवार सकाळ

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई, तू रडली असतीस आणि मग मलाही बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय. मी बास्केटबॉल खेळणं थांबवलंय. रेल्वेच्या संघाकडून हे माझं शेवटचं वर्ष होतं. काल ग्राउंडवरून निघताना शूज एका नव्या मुलीला देऊन आले. तिला अगदी मापात बसले.

बाबा, रात्री राहून राहून आपली मागची भिंत आठवत होती. सहावीत मला शाळेच्या संघात घेतलं तेव्हा तुम्ही इतवारीतून लोखंडी रिंग करून आणलीत. टेप घरात नव्हता, म्हणून शिडीच्या पायऱ्या मोजून दहा फूट धरलेत. महिनाभर मी रोज शंभर शॉट मारले. शाळेत गेले तर प्रत्येक बॉल रिंगच्या पुढच्या कडेला आपटायला लागला. शेवटी सर घरी आले, त्यांनी मोजलं. चार इंच खाली! तुम्ही ऑफिसातून आलात आणि चहाही न घेता शिडी लावलीत. नागपूरचा मे महिना, सहा वाजून गेले तरी भिंतीला हात लावता येत नव्हता. तुम्ही हाताला ओला गमछा गुंडाळून काम केलंत. खालची जुनी भोकं तशीच राहिली.

२०१० मध्ये थ्री-पॉइंटची रेषा, जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात, ६.२५ वरून ६.७५ मीटरवर गेली. मी तेव्हा रेल्वेत नवीनच होते. सगळ्याजणी अर्ध्या मीटरसाठी हातानं जोर लावायच्या. मला भिंतीवरची रिंग वर गेली तो उन्हाळा आठवला आणि मी शॉट पुन्हा गुडघ्यापासून बसवायला घेतला.

आणि पुढे तोच गुडघा निकामी झाला. उडी मारून खाली आले, कुणाचा धक्काही नव्हता, लिगामेंट तुटला. आई, तू तीन महिने माझ्या क्वार्टरमध्ये राहिलीस. मी टाच पुढे-मागे सरकवायचे आणि तू तांदूळ निवडता निवडता मोजायचीस, एक आकडा कधी चुकला नाही. मी 'बस झालं आता' म्हटलं की तू ताट बाजूला ठेवायचीस आणि नुसती बघत राहायचीस. मी उरलेले पूर्ण करायचे.

बाबा, एक गोष्ट मात्र मी कधी बोलले नाही. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी कॅम्पचं बोलावणं आलं होतं आणि तुम्ही परीक्षा बुडवू दिली नाहीत. कॅम्प गेला, त्या वर्षीचा संघही गेला. त्याचा राग माझ्या मनात फार वर्षं होता. तुम्हाला तो कळत असणार, तुम्ही कधी विषय काढला नाहीत.

२०१६ मध्ये अमेरिकेचा बास्केटबॉलपटू टिम डंकन निवृत्त झाला, तेव्हा त्याच्याबद्दल वाचलं. कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावरचा मुलगा, आधी पोहायचा. १९८९ च्या ह्यूगो चक्रीवादळात तिथला पोहण्याचा तलाव उद्ध्वस्त झाला, पुढच्या वर्षी आई कॅन्सरनं गेली. पदवी पूर्ण करीन हा तिला दिलेला शब्द पाळायला तो चारही वर्षं कॉलेजात राहिला. मग १९९७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि १९ सीझन सॅन अँटोनिओ स्पर्ससाठीच खेळला. पाच विजेतेपदं! वाचून झाल्यावर तुम्हाला फोन लावला होता, पण नुसतं तब्येतीचं विचारून ठेवून दिला.

तिकडच्या खेळाडूंकडे पैसा तरी आहे. आपल्याकडे बास्केटबॉल खेळणाऱ्याचं घर चालतं ते रेल्वे, पोलीस, बँका यांच्या खेळाडू कोट्यातल्या नोकरीवर. खेळ संपला की टेबलावर बसावं लागतं. परवा विभागीय परीक्षेचा अर्ज भरला. नावाखालचा रकाना पदवीचा होता. पेन थोडा वेळ हातातच राहिलं. बाबा, तुमचं बरोबर होतं. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं.

शुक्रवारी विदर्भ एक्सप्रेसनं निघतेय, पंधरा दिवस राहीन. दादाला सांगा, चिऊला बॉल मी आणतेय, लहान मुलांचा. तिच्या वयाच्या मुलांसाठी रिंग २.६० मीटरवर लागते, म्हणजे साधारण साडेआठ फूट. तोवर भिंतीला हात लावू नका आणि एकटे शिडीवर तर मुळीच चढू नका. टेप घेऊन ठेवा. खालचं टोक तुम्ही धरा, वर मी चढते.

तुमची,
बेबी