सोडा पाहिजे, हात जरा सैल सोडा!

नमस्कार मंडळी, सलाम, जय जिनेंद्र. कुरुंदवाडकरांना आपली समिती काय करते (विसर्जनाच्या प्लास्टरच्या मूर्ती नदीत न टाकता सोड्याच्या पाण्यात विरघळवते) हे सांगायची गरज नाही, पण पुण्या-मुंबईला गेलेली आपली पोरंही ग्रुपवर आहेत म्हणून जरा लांबण लावतो, वैतागू नका.

२०१९ चा महापूर आठवतोय ना? घराघरात चिखल, भिंतींना ओल, आणि पुढच्याच महिन्यात गणपती आणि मोहरम एकदम आले. आपल्याकडं पाच मशिदींत गणपती बसतो हे बाहेरच्याला सांगितलं तर खरं वाटत नाही, पण त्या वर्षी बाप्पा आणि मोहरमचे पंजे एकाच छताखाली होते, मोदक आणि मोहरमचे गोड चोंगे एकाच ताटात. पण पाणी उतरल्यावर घाटावर काय दिसलं? आदल्या वर्षीच्या प्लास्टरच्या मूर्ती, कुठं हात, कुठं सोंड. मशिदीतले चाचा तिथंच उभे राहून म्हणाले, "दहा दिवस आम्ही पण सांभाळला की ह्याला, आणि असा टाकून आलो?" समिती तिथून सुरू झाली.

तेव्हापासून ज्यांनी हात दिला त्यांचं नाव घेतलेलं त्यांना आवडत नाही, पण ऋण आहेच. जैन बस्तीतल्या काकांनी बॅरल दिले, वर "आम्ही पाणी गाळून पिणारी माणसं, नदीत रंग कसा बघवेल" म्हणाले. मौलानांनी जुम्म्याला सांगितलं की वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये ही पैगंबरांची शिकवण आहे, आणि ताबुताची चमकी, थर्माकोल काढूनच ताबूत पाण्यात थंड करायचे. नरसोबाच्या वाडीचे गुरुजी भर घाटावर म्हणाले, ज्या पाण्यानं आचमन करतो त्यातच रंग सोडायचा का? आणि बाजारातल्या बेकरीवाल्या भाईंनी पहिली दोन वर्षं सोडा फुकट दिला, बिस्किटाच्या धंद्यातला माणूस, पण मूर्ती किती विरघळल्या ते रोज येऊन बघायचा.

हा सोडा म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट, पद्धत पुण्याच्या एनसीएलची, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची. मूर्तीच्या वजनाइतका सोडा पाण्यात घालायचा, मूर्ती बुडवायची, अधूनमधून ढवळायचं, दोन दिवसांत प्लास्टर विरघळतं. खाली चुन्यासारखा गाळ बसतो आणि वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं, म्हणजे खतच, पातळ करून झाडांना घालता येतं. वास मात्र नाकात जातो म्हणून उघड्यावरच करायचं. शाडूला हे काही लागत नाही, साधी बादली बास.

आता दुखणं. गेल्या वर्षी एका बड्या संस्थेनं ट्रॅक्टर कबूल केला, आम्ही रात्री बारापर्यंत घाटावर वाट बघितली, आला नाही. ग्रुपवर आवाहन टाकलं की अंगठे शंभर येतात, माणसं सात येतात, त्यातली तीन माझ्या घरची. राग नाही, पण वाटतं हो. पूर आला की सगळे नदीला नावं ठेवायला हजर असतात.

आणि एक चूक माझी, लपवत नाही. उरलेल्या दोन पोत्यांची तोंडं नीट बांधली नाहीत, हा सोडा उघडा राहिला की हवेत उडून जातो, पोती अर्ध्यावर आली. म्हणून सगळं नव्यानं घ्यायचंय.

यंदा ३०० किलो सोडा, ६ बॅरल, हातमोजे, निर्माल्याची पोती, दोन दिवस ट्रॅक्टर, मिळून ४५,००० धरलेत, जमा ११,०००. श्रावण संपायच्या आत खजिनदारांकडं रोख द्या नाहीतर ग्रुपवरच्या क्यूआरवर टाका, पावती मिळेल, नाव नको असेल तर तसं सांगा. पैसे नसतील तर विसर्जनाच्या दिवशी दुपारी ४ ला घाटावर या, जुनी कापडं घालून. आणि पोती बांधायला घट्ट सुतळी कुणाकडं असेल तर तीही घेऊन या.

आपला,
सचिव