सहा चौकोनांचा कंदील

मुंबई
5 ऑक्टोबर 2026

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तिकडे जर्मनीत छोटूच्या किटाने, म्हणजे बालवाडीने, संत मार्टिनच्या कंदिलांच्या मिरवणुकीसाठी घरी केलेला कंदील मागितलाय आणि तुला आपला दिवाळीचाच करून द्यायचाय, तर मापं नीट लिहूनच पाठवतो. फोनवर सांगितलेल्या मापांचा घोळ होतो. यंदा लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे आणि भाऊबीज बुधवारी, नेमकी 11 नोव्हेंबरला, म्हणजे मिरवणुकीच्याच दिवशी. एकच कंदील दोन्हीकडे चालेल. फक्त आपला कंदील एका जागी टांगलेला असतो आणि त्यांचा पोरांच्या हातात चालत असतो. खाली जे जे बदल सुचवलेत ते सगळे त्यासाठी.

इथून तयार पाठवायचा विचार सोडून दे. माहीमच्या कंदील गल्लीत हवा तो मिळेल, पण खोक्यात सांगाडा दबतो, आणि एकदा पिचलेली कामटी सरळ होत नाही.

आपल्या साध्या पारंपरिक कंदिलाचा सांगाडा म्हणजे सहा चौकोन, कोपऱ्याला कोपरा बांधलेले. एक वर, एक खाली, आणि मधले चार शंकरपाळ्यांसारखे कोनावर उभे. हे सहा बांधले की मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांच्यासाठी वेगळी काडी लागत नाही. इकडे गॅलरीत टांगायच्या कंदिलाची बाजू 20 सेंमी धरतात, तो रुंदीला 40 सेंमी भरतो. पाच वर्षांच्या मुलाला तो पेलणार नाही. तू बाजू 12 सेंमी धर. उंची 17 होईल, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत 24.

कामट्या तिकडे शोधत बसू नकोस. बार्बेक्यूच्या बांबूच्या 30 सेंमी लांब, 3 मिमी जाड काड्या घे. एका काडीतून साडेतेरा सेंमीचे दोन तुकडे, म्हणजे 24 तुकड्यांना 12 काड्या. आडव्या दांड्यांसाठी आणखी 2. दोन-तीन जास्तीच्या ठेव, कारण एखादी पेरापाशी मोडतेच. टोकदार भाग आधी उडव. पहिला तुकडा मापून काप आणि त्यावर नमुना म्हणून खूण कर. बाकीचे 23 त्याच्याच शेजारी धरून कापायचे. मागच्या तुकड्यावरून पुढचा कापत गेलीस तर दर वेळी अर्धा मिमी चुकत शेवटच्या तुकड्यापर्यंत सेंमीभर फरक पडतो, आणि मग कंदील पिळल्यासारखा दिसतो. तसं झालं की दोष कागदाला दिला जातो, पण चूक कापण्यातली असते.

प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांपासून पाऊण सेंमीवर पेनाने खूण कर. मधे 12 उरले पाहिजेत. दोन तुकडे समांतर ठेव, त्यांवर दोन आडवे, खुणेवर खूण. जाड शिवणदोऱ्याने फुलीसारखे चार वेढे, गाठ, आणि गाठीवर लाकडाच्या गोंदाचा थेंब. पाऊण सेंमीची टोकं बाहेर राहतात ती कापू नकोस, पुढे चौकोन एकमेकांना त्या टोकांनाच बांधायचे आहेत.

गोंद ओला असतानाच दोन्ही कर्ण मोज. दोन्ही 17 सेंमी आले पाहिजेत. एक साडेसतरा आणि दुसरा साडेसोळा आला तर चौकोन कलला आहे, लांब कर्णाचे दोन कोपरे हाताने आत दाब. हे सहाही चौकोनांना करायचं. त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की तो हलत नाही. चौकोनाचं तसं नाही, चारही बाजू बरोबर असून तो शंकरपाळी होतो. आणि या कंदिलात चौकोन सहा! नुसत्या काड्यांचा सांगाडा हातात घेतलास तर तो फिरकीसारखा पिळतो. त्याला ताठ ठेवतो तो चौकोनावरचा कागद. कागद फक्त शोभेचा समजणारे इथेच चुकतात.

म्हणून क्रम असा: मधल्या चार चौकोनांना कागद आधी, टेबलावर आडवे असतानाच. वरच्या आणि खालच्या चौकोनाला कागद नाही, तिथे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साडेअठरा सेंमीची एकेक आडवी दांडी बांध. कागदाचं काम ती करेल, आणि वरच्या दांडीचा दिव्याला आधारही होईल.

कागद तुमच्याकडे ट्रान्सपारेंटपापिअर नावाने मिळतो. त्याचंच दुसरं नाव द्राखेनपापिअर, म्हणजे पतंगाचा कागद. आपणही पतंगीच म्हणतो! चौकोनाला 14 सेंमीचे चार तुकडे, त्रिकोणाला साडेपंधरा सेंमी बाजूचे आठ. दोन्हींत चारी अंगांनी सेंमीभर दुमड धरली आहे. चौकोन पांढरे ठेव आणि त्रिकोण लाल किंवा केशरी. उलट केलंस तर उजेड कमी पडतो, कारण चौकोनाचं तोंड मोठं.

खळ अशी: एक वाटी गार पाण्यात दोन मोठे चमचे मैदा गुठळी न राहता कालव, मग मंद आचेवर ढवळत राहा. दुधाळपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरव आणि पूर्ण गार होऊ दे. गरम पाण्यात मैदा टाकलास तर गुठळ्या होतात आणि त्या कागदाखाली फोडासारख्या दिसतात. जुने कारागीर कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. ते विष आहे, मुलाच्या हातात जाणाऱ्या वस्तूत नको. कंटाळा आला तर भिंतीचा कागद चिकटवायच्या खळीची पूड मिळते ती चालेल, टापेटेनक्लाइस्टर.

खळ काडीला लावायची, कागदाला नाही. कागद भिजला की फुगतो, रंग सोडतो आणि ओढताना फाटतो. काडीवर बोटाने पातळ हात फिरव, कागद ठेव, मधून कडेकडे सपाट कर, कोपरे तिरके छाट म्हणजे काड्यांची टोकं मोकळी राहतील, मग दुमड आत. वाळायला रेडिएटरवर ठेवू नकोस. एक बाजू आधी वाळते आणि एवढी बारीक काडी वाकते. रात्रभर टेबलावर राहू दे. सकाळी पांढऱ्या कागदावर सुरकुत्या दिसल्या तर पाण्याचा अगदी बारीक फवारा लांबून मार, वाळताना कागद ताणला जातो. लालवर हे करू नकोस, रंग ओघळेल.

मग जोडणी. चार चौकोन कोनावर उभे करून बाजूचे कोपरे एकमेकांना बांध, चार गाठी. वर तयार झालेल्या चार शेंड्यांवर वरचा चौकोन, चार गाठी. उलटं करून खालचा, चार गाठी. एकूण बारा. पहिल्या आठ सैल ठेव, बाराही झाल्यावर फिरून आवळ. त्रिकोण सगळ्यात शेवटी, समोरासमोरच्या जोड्यांनी. एकाच बाजूचे चार लागोपाठ चिकटवलेस तर वाळणारा कागद सांगाडा त्या बाजूला ओढतो.

आता चालणाऱ्या कंदिलाचे बदल. गॅलरीतल्या कंदिलाला हातभर झिरमिळ्या शोभतात, छोटूच्या पायात येतील, म्हणून 15 सेंमीच्या वर नको. दोन कोपऱ्यांना दोरी बांधलीस तर चालताना तो पुढेमागे झुलेल. चारही कोपऱ्यांना 20 सेंमीचे चार सारखे दोरे बांधून वर एकत्र गाठ मार. दिवा लाटेर्नेनस्टाबचा, म्हणजे ती सेलवरची काठी जिच्या टोकाला आकडा आणि वायरवर छोटा दिवा असतो. वायर वरच्या दांडीला एक वेढा देऊन सोड, दिवा बरोबर मध्यात आला पाहिजे. वजन आकड्यावर हवं, वायरवर नको. मेणबत्ती नकोच. नोव्हेंबरात तिकडे पाऊस भुरभुरतो आणि खळ पाण्याला टिकत नाही, म्हणून कंदील आत जाईल एवढी मोठी प्लास्टिकची पिशवी खिशात ठेव.

किटात कुणी विचारलं तर सांग, हा आकार फार परका नाही. श्रीलंकेत वेसाकला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, बांबूचा सांगाडा, पातळ कागद आणि खाली शेपट्या असाच कंदील लावतात. फिलिपिन्समधला नाताळचा पारोल म्हणजे दहा काड्यांची दुहेरी चांदणी, टोकांना बांधलेली आणि मधे आडव्या काड्या घालून फुगवलेली. पुढच्या वर्षी ती करायची असेल तर एवढंच लक्षात ठेव की काडी 60 सेंमीची असेल तर छेद दोन्ही टोकांपासून 23 सेंमीवर येतो. पांपांगा प्रांतातल्या सान फर्नांदोत हेच पारोल 20 फुटी करतात आणि त्यांचे दिवे लोखंडी पिंप फिरवून चालू-बंद होतात. पिंपावर पट्ट्या चिकटवलेल्या, त्यांवरून केसांच्या पिना घासत जातात आणि त्याप्रमाणे नक्षी बदलते. मला ही युक्ती फार आवडते.

आकाशात सोडायचे कंदील मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी नको. तुमच्याजवळच्या क्रेफेल्डमध्ये 1 जानेवारी 2020ला मध्यरात्र उलटताच त्यांनीच प्राणिसंग्रहालयातलं माकडघर पेटलं आणि 30हून अधिक प्राणी गेले. तुमच्या राज्यात ते 2009पासून बंदच आहेत.

छोटूला मार्टिनची गोष्ट किटात सांगतीलच, घोड्यावरच्या शिपायाने आपला झगा तलवारीने अर्धा कापून भिकाऱ्याला दिला ती. भाऊबीजेचं ओवाळणं मिरवणुकीआधी, चारच्या सुमारास उरकून घे, तिकडे पाचच्या आधीच अंधारतं. वेकमान, म्हणजे तो माणसाच्या आकाराचा गोड पाव, खाऊन पोट भरल्यावर तो करंजीला हात लावणार नाही.

घरी आणल्यावर कंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत खिडकीत राहू दे. मग कागद ओल्या फडक्याने भिजवून सोडव आणि काड्यांवरची खळ नीट पूस, नाहीतर कपाटात कसर लागते. आडव्या दोन दांड्या तशाच असू देत. पांढऱ्या कागदाचे चार चौकोन जास्तीचे कापून आत्ताच बाजूला ठेव, 10 तारखेच्या रात्री एक तरी फाटतोच.

तुझे
बाबा